चिंधीचा ड्रम

कळमनुरीच्या आठवडी बाजारात माझ्या वडिलांच्या नाकाला मान होता. गिऱ्हाईक निळ्या ड्रमसमोर येऊन उभं राहिलं की आबा झाकण काढायचे, कमरेत वाकून डोकं पार आत घालायचे आणि मोठा श्वास घ्यायचे. ते डोकं बाहेर येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग टोपी सारखी करत आबा म्हणायचे, "बिनघोर घ्या." एवढ्यावर सौदा व्हायचा.

हे ड्रम कशाला लागतात, असं विचारणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला नसणार. ज्या गावात नळ आहे तिथे नळाला पाणी नाही, आणि ज्या तांड्यावर नळच नाही तिथे उन्हाळ्यात टँकर येतो. दोन्हीकडे पाणी साठवावं लागतं. पूर्वी रांजण होते, आता दारोदार कमरेएवढा निळा प्लास्टिकचा ड्रम. टँकर यायचा असला की तांड्यावर माणसांच्या आधी ड्रमच रांगेत उभे राहतात. लेकीच्या लग्नात कपाट आणि कूलरच्या शेजारी ड्रमही मांडतात, त्याला रिबीनसुद्धा बांधतात.

नवा ड्रम सहसा कोणी घेत नाही. जुना घेतात, आणि जुन्याचा पहिला जन्म कुठल्यातरी कारखान्यात गेलेला असतो. एखाद्यात आंब्याचा गर आलेला असतो, एखाद्यात साखरेचा पाक, एखाद्यात रंगात घालायचा थिनर, एखाद्यात फवारणीच्या औषधाचा कच्चा माल. भंगारच्या गोदामात आधी काय करतात, तर वरचं लेबल खरवडून काढतात, कारण लेबलासकट ड्रम खपत नाही. लेबल गेलं की सगळे निळे, सगळे सख्खे भाऊ. असे ड्रम आबा टेम्पोत घालून आमच्या घरी आणायचे. हिंगोलीच्या बाहेर, नरसीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे, आणि घरापेक्षा अंगण मोठं आहे ते या ड्रमांसाठीच.

अंगणात दोन रांगा असायच्या. एक पाण्याची आणि एक कामाची. पाण्याच्या रांगेतले ड्रम पिण्याच्या पाण्यासाठी. कामाच्या रांगेतले शेणकाल्याला, गोमूत्राला, बांधकामाला. या दोन रांगांवर आमचं घर उभं होतं. एखादं गिऱ्हाईक घासाघीस करत म्हणालं, "आबा, कामाचाच द्या, घरी नेऊन धुतो," तर आबा त्याला दुकानासमोरून हाकलून द्यायचे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटेल.

ड्रम धुण्याचं काम आईचं. राखेनं घासायचे, चिंचेचा कोळ टाकून तो फिरवायचा, कडुलिंबाचा पाला घातलेलं पाणी भरून ठेवायचं, ओतायचं, पुन्हा धुवायचं. मग रिकाम्या ड्रमला झाकण घट्ट लावून तो उन्हात ठेवायचा आणि दुपार कलली की उघडायचा. आई बोलायला कमी होती. गालात तंबाखूची गोळी असल्यावर बोलायचं कसं, हाही एक प्रश्न होताच. पाण्याच्या रांगेत गेलेल्या प्रत्येक ड्रमच्या कानाला, म्हणजे उचलायच्या मुठीला, ती आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. टेम्पोच्या हिसक्यानं झाकण उडू नये म्हणून ती बांधत असेल, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. बाजारात मात्र त्या चिंधीचीच खूण झाली होती. लोक म्हणायचे, "आबा, चिंधीचा द्या."

मी याच ड्रमांवर शिकले आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन हिंगोलीतल्याच एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. आमच्या भागातली हळद दूरदेशी जाते आणि तिकडचे लोक फार चिकित्सक. हळदीत फवारणीचं औषध किती उतरलंय, ज्या पिशवीत ती भरली त्या पिशवीचं प्लास्टिक हळदीत किती उतरलंय, हे सगळं तपासून कागदावर दिल्याशिवाय ते हळद घेत नाहीत. तेवढ्यासाठी ही प्रयोगशाळा. आपल्याकडची माणसं तीच हळद कोणत्या पिशवीतून खातात हे विचारायला तिथे कधी कोणी आलं नाही.

पण माझी नजर बिघडली ती बिघडलीच. गरम चहा पातळ पिशवीत बांधून नेताना कोणी दिसलं की मला राहवत नाही. भजी छापील कागदावर दाबून तेल टिपणाऱ्याशी मी भर रस्त्यात भांडलेली आहे. नात्यातल्या लग्नात मी मांडवात शिरले की आचारी ओरडतो, "ताई आल्या, पेपर लपवा रे." हसतात सगळे. मीही हसते, आणि आतून मला फार राग येतो.

घरात तर रोजचं भांडण. मी आबांना म्हणायची, "तुम्ही धुता ते वरचं. प्लास्टिक पितं, आबा. वर्षभर ज्यात थिनर होता त्या ड्रमनं थिनर पोटात घेतलेला असतो. तुम्ही कितीही घासा. पाणी भरून उन्हात ठेवलं की हळूहळू परत सोडतो." डब्याला हळद लागली की ती जन्मात निघत नाही, लोणच्याच्या झाकणाचा वास जात नाही, तसंच आहे हे. आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मंग त्याच्यासाठीच तर हुंगतो ना बाई."

शेवटी एकदा मी हट्टाला पेटले. दोन्ही रांगांमधल्या काही ड्रमांत स्वच्छ पाणी भरून उन्हात ठेवलं आणि ते बाटल्यांतून प्रयोगशाळेत नेलं. बाटली बंद करून तापवायची आणि पाण्यावर साचलेली हवा यंत्रात सोडायची, अशी आमची पद्धत. यंत्र त्या हवेतलं एकेक द्रव्य वेगळं करून कागदावर एकेक टोक काढून दाखवतं. जितकं टोक उंच, तितकं ते द्रव्य जास्त. कोणती बाटली कोणत्या रांगेतली हे मी तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. निकाल आला तर कामाच्या रांगेतल्या पाण्यात टोकंच टोकं, आणि पाण्याच्या रांगेतल्यांत जवळजवळ सपाट रेघ. एकही चूक नाही.

आबांनी ते कागद बाजारात नेऊन सगळ्यांना दाखवले. ते कोणाला वाचता आले नाहीत ही गोष्ट वेगळी. घरी आल्यावर मला म्हणाले, "पोरी, तुझं नाक बी चांगलं हाये. पण तुझ्या नाकाला लाईट लागते, माझ्या नाकाला लागत न्हाई." आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती खाली मान घालून हसली आणि तिनं भाकरी उलटली. ते हसू मला नंतर फार दिवसांनी कळलं.

खरं तर त्या सपाट रेघेवर माझं समाधान व्हायला नको होतं. यंत्राला जे विचारलं तेवढंच ते सांगतं, आणि वास नसलेलं विषही असतं. पण माझ्यापुरतं भांडण मिटलं. मी स्वतः आमच्या स्वयंपाकघरात चिंधीचा ड्रम ठेवला.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर आई गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपली होती. तिच्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. अंगणात तिनं झाकण लावून ठेवलेले ड्रम तसेच होते, आणि ते कोणी उघडायचे हे कोणाला सुचत नव्हतं. शेवटी दिवस झाल्यावर आबांनीच उघडले.

दिवाळीच्या आधी तिच्या ट्रंकेत मी एक लुगडं शोधत होते. माझ्या पहिल्या पगारात मी तिला घेतलेलं, जांभळं, हिरव्या काठाचं. ती ते नेसली नव्हती. ठेवणीतलं म्हणून ठेवूनच दिलं. मला ते हवं होतं. तिच्या अंगाला लागलेलं नव्हतं तरी हवं होतं. ट्रंकेत ते नव्हतं. तिची बाकीची चांगली लुगडीही कमी झाल्यासारखी वाटली. माझा संशय आत्यावर गेला, कारण सामान आवरायला ती होती. मी तोंडानं काही बोलले नाही, पण दिवाळीत ती आली तेव्हा तिच्याशी धड वागलेही नाही.

आई गेल्यावर महिनाभरातच आबा पुन्हा बाजाराला जाऊ लागले होते. आता धुवायचेही तेच. मला बरं वाटलं, माणूस कामात राहिला तर सावरेल असं सगळे म्हणत होते. हिवाळ्यात एकदा मी त्यांच्याबरोबर कळमनुरीला गेले होते. डोंगरकडा गावाकडच्या एका तांड्यावरची बाई ड्रम घ्यायला आली. आईची ही बाजारातली मैत्रीण. दोघी ड्रमांच्या सावलीत बसून एकाच डबीतली तंबाखू मळायच्या. आई गेल्याचं तिला तिथेच कळलं. ती त्या सावलीतच खाली बसली. मग उठून डोळे पुसले आणि म्हणाली, "मामा, चिंधीचा द्या. बाईची आठवण राहील." माझं लक्ष तिच्याकडेच होतं, ड्रमकडे नव्हतं. आबांनी ड्रममध्ये डोकं घातलं, श्वास घेतला. "बिनघोर घ्या."

अक्षयतृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर्षाच्या आत आलेली पहिलीच अक्षयतृतीया, म्हणून आबांच्या मनात मोठं काहीतरी करायचं होतं. आमच्या घरासमोर कडुलिंबाचं झाड आहे. नरसीला जाणारे भाविक, शाळेची लेकरं, ऊसतोडीहून परतणारे, सगळे त्या सावलीला टेकतात. तिथे आईच्या नावानं पाणपोई घालायची, असं त्यांनी ठरवलं. मी म्हणाले, रांजण आणू. आबा म्हणाले, "रांजण फुटतं. तिनं जल्मभर ड्रम धुतले, तिच्या नावानं ड्रमच बरा." मग मी रांजणाचा विषय सोडला.

आदल्या दिवशीच आबांनी ड्रम झाडाखाली ठेवून पाणी भरलं होतं. सकाळी त्याला ओलं पोतं गुंडाळलं, हळदकुंकू लावलं, वर पत्र्याचं झाकण आणि साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला.  घरात आईला नैवेद्य दाखवून आम्ही बाहेर आलो. पहिला पेला लेकीनं प्यायचा, असं आबा म्हणाले. मी झाकण उचललं.

तो वास मला ओळखायला यंत्र लागत नाही. गोडसर, डोक्यात चढणारा, दारं नव्यानं रंगवल्यावर घरात येतो तसा. मला वाटलं माझ्या हाताला प्रयोगशाळेतलं काही लागलंय. हात हुंगला. मग पुन्हा ड्रमवर वाकले. वास ड्रमचाच होता आणि तो लपण्यासारखा नव्हता, रस्त्यावरच्या माणसालाही आला असता. मी मागे सरले. आबांना वाटलं मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातून पेला घेतला, भरला, आणि डोळे मिटून सगळा पिऊन टाकला. "गार हाये," ते म्हणाले. "गोड हाये पाणी."

मग ड्रमच्या कानाकडे माझं लक्ष गेलं. तिथे जांभळी चिंधी होती. तिला हिरवा काठ होता.

कोणत्या गोष्टीनं मला जास्त धक्का बसला हे आज सांगता येणार नाही. मी आधी पेला काढून घेतला आणि झाकण लावलं. एक बाई लेकराला घेऊन पाण्यासाठी थांबली होती, तिला घरातल्या माठातलं आणून दिलं. मग आबांना अंगणात नेलं आणि कामाच्या रांगेतला सगळ्यात वाईट ड्रम उघडला. त्याच्या नुसतं जवळ गेलं तरी माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं. मी म्हणाले, "हुंगा."

ते माझ्याकडे बघत होते. लहान लेकरू बघतं तसे. मग सवयीनं वाकले, डोकं आत घातलं, मोठा श्वास घेतला. बाहेर आल्यावर टोपी सारखी केली, पण 'बिनघोर घ्या' म्हणाले नाहीत.

"आबा, कधीपासून?"

"कोरोना झाला होता ना मला," ते म्हणाले. "चव आली मागारी. वास न्हाई आला. म्हटलं येईल, येईल. न्हाईच आला."

"आणि मग इतके दिवस?"

"तुझी माय हुंगायची. मी म्हणलो, आता धंदा बंद करावं लागते. ती म्हणली, काहून? माझं नाक हाये की. ती झाकण लावून उनात ठेवायची, उघडून हुंगायची, न् चांगल्याला चिंधी बांधायची. चिंधी आदीपासून बांधायचीच ती. मी बाजारात नुसतं डोकं घालायचो."

मी बाटल्या प्रयोगशाळेत नेल्या त्या कोरोनानंतर. म्हणजे यंत्राशी जुळलं होतं ते आईचं नाक. आबांनी बाजारभर फिरवलेले ते कागद तिचे होते, आणि ती भाकरी उलटत हसली होती.

"आणि ती गेल्यावर?"

आबा ओट्यावर बसले. "धुतो की बराबर. ती धुवायची तसंच धुतो. राख, चिंच, समदं. बुडाला बघतो, डाग दिसला तर कामात टाकतो."

"आणि चिंध्या?"

"लोक चिंधीचाच मागतात बाई," ते म्हणाले. "जुनी लुगडी सरली. मंग ट्रंक काढली."

मी त्यांच्यावर ओरडले. इतकं ओरडले की शेजारची माणसं कुंपणाशी आली. लोकांच्या पोटात काय घातलंत तुम्ही, असं म्हणाले. तुम्हाला मला सांगता येत नव्हतं का, मी घरातच होते ना, असंही म्हणाले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना खरंच वाटत होतं की तिच्यासारखं धुतलं तर ड्रम तिच्यासारखाच निघेल. मी थांबले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ती होती तवा कधी चुकलं न्हाई." मग मला रडू आलं आणि माझा सगळा राग वाया गेला.

त्यांचं नाक कोरोनानं गेलं की वर्षानुवर्षं ड्रमांत डोकं घालून गेलं, हे मला कोणी विचारू नये. मला माहीत नाही. मी नुसतं पाणी तपासते.

पाणपोईचा ड्रम दुसऱ्या दिवशी तपासला. थिनरची द्रव्यं, एकामागे एक, ओळीनं उंच टोकं. आबा ते पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतायला निघाले होते, मी तिथे नको म्हणाले. गटारात नको, ते ओढ्याला जातं. मग कुठे ओतू, असं त्यांनी विचारलं.  चार जणांनी ढकलत नेलेला तो ड्रम झाकण बांधून अजून आमच्या परसात उभा आहे, भरलेलाच.

आता प्रश्न होता विकलेल्या ड्रमांचा. आबा कोणाला काय विकलं ते कधी लिहून ठेवत नसत. आई असतानाच्याही चिंध्या गावोगाव होत्या आणि ती गेल्यानंतरच्याही. कोणत्या चिंध्या तिच्या हे ओळखायचं कसं, याचा विचार करताना मला दोन गोष्टी सापडल्या. आई चिंधी कात्रीनं कापायची आणि एकच बारीक गाठ मारायची. आबा फाडायचे आणि बैलाचं दावं बांधल्यासारखी दुहेरी गाठ मारायचे. शिवाय ट्रंकेतून काढून त्यांनी वापरली ती ठेवणीतली लुगडी मला पाठ होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही दोघं निघालो.

आधी बाजारात गेलो. आबा आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की मला वास येत नाही, पोळ्यानंतर माझ्याकडून ड्रम घेतला असेल तर पाणी पिऊ नका. पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. एकजण म्हणाला, "आबा, नवा माल खपवायला का?" मग आबांनी टोपी काढून तेच पुन्हा सांगितलं. काहींनी ड्रम परत आणले. पुष्कळांनी आणले नाहीत. जे आले त्यांच्यातलेही बरेच विचारत होते की गुरांना तरी चालेल ना.

मग गावं. डोंगरकडा, त्याच्या अलीकडची वस्ती, पलीकडचे तांडे. दारादारात निळे ड्रम आणि प्रत्येक ड्रमच्या कानाला माझ्या आईचं लुगडं. माझ्या लहानपणीचं पिवळं, मी शाळेत बक्षीस घ्यायला गेले तेव्हा तिनं नेसलेलं मोरपंखी, रोजच्या कामातलं विटकं. मी वाकून गाठ बघायची आणि एकेरी असली की पुढे जायची. दुहेरी असली की आबांकडे बघायची. मग ते पुढे होऊन घरच्या माणसांशी बोलायचे. मी सांगितलेलं लोकांना पटायचं नाही. त्यांनी सांगितलेलं पटायचं, आणि दर दारात ते थोडे आणखी वाकलेले दिसायचे.

आईच्या त्या मैत्रिणीच्या तांड्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. ड्रम दारात, काठोकाठ भरलेला. जांभळी चिंधी, हिरवा काठ, दुहेरी गाठ. तिनं आम्हाला बसायला खाट टाकली आणि पाणी आणायला पेला घेऊन ड्रमकडे वळली. मी तिचा हात धरला.

मी तिला सगळं समजावलं. वास, प्लास्टिक, यंत्र, टोकं. तिनं ऐकून घेतलं, मग ड्रमवर वाकून हुंगलं.

"येतो थोडा," ती म्हणाली. "आमाला वाटलं टँकरचा हाये. पण ताई, चिंधी हाये की. तुझ्या मायनं खोटी चिंधी कधी बांधली न्हाई."

  आबा खाटेवरून उठले. त्यांनी ड्रमपाशी जाऊन गाठ सोडायला घेतली. त्यांनीच मारलेली गाठ, पण ती लवकर सुटेना. सुटल्यावर चिंधी हातात धरून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"ही तिनं न्हाई बांधली. मी बांधली," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई, बाई. तिला यायचा."

 मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. तिनं दिल्या नाहीत. तिनं ड्रमकडे पाहिलं, मग घरात पाहिलं. घरात दोन घागरी आणि एक बादली होती, त्याही भरलेल्याच होत्या.

"टँकर पुढच्या आठवड्यात येते," ती म्हणाली. "हे पाणी आता कशात काढू?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगशाळेत बसून कितीतरी अहवालांवर 'पिण्यास अयोग्य' असं लिहून सही केलेली आहे. त्याच्या खालच्या ओळीत काय लिहायचं असतं ते मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले की आम्ही उद्या दुसरा ड्रम घेऊन येतो, नवा, कोरा. ती म्हणाली, "आणा." पण नव्या ड्रममध्ये भरायला पाणी पुढच्या आठवड्यातच येणार होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"भांडे घासायला घेते मंग हे," ती म्हणाली. "पिऊ न्हाई." तिची नात तिथेच उंबऱ्यावर बसली होती, तिच्याकडे बघून तिनं ते पुन्हा म्हटलं. मग ड्रमवर झाकण ठेवलं, झाकणावर पेला पालथा घातला आणि आबांच्या हातातली चिंधी घेऊन ती माझ्या हातात दिली.

"ही ठेव तू," ती म्हणाली. "तुझ्या मायची हाये."

आम्ही उठलो. पलीकडच्या दारातही एक निळा ड्रम उभा होता.